वाटव्यांशिवाय चार दिवस

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी चौतिसावी स्लाईड लावली, तेव्हा अप्पासाहेब चौगुल्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत डोळ्यांवर न चढवता खिशात ठेवून दिला.

“वाटवे,” ते म्हणाले, “ह्यात लाल कुठलं आन् लय लाल कुठलं?”

“सर, सगळंच लाल आहे.”

“ते दिसतंय मला. म्हणून तर इचारतोय.”

टेबलाच्या पलीकडे तिघं बसली होती. अप्पासाहेब, म्हणजे आमच्या डेअरीचे संस्थापक. त्यांची कन्या रेवतीताई, कार्यकारी संचालक. आणि वित्त संचालक उपाध्ये, ज्यांना मी कुठल्याही बैठकीत पापणी हलवताना पाहिलेलं नव्हतं. अलीकडे मी, विद्याधर वाटवे, सिस्टीम्स विभागाचा प्रमुख. आणि माझ्या डाव्या हाताला, मांडीवर दोनशे पानी वही ठेवून, शैलजा मगदूम, स्टोअर विभागाच्या प्रमुख. साडेदहा ते साडेअकरा ही वेळ आम्हा दोघांत मिळून होती. पहिला अर्धा तास माझा, दुसरा बाईंचा. भिंतीवरचं घड्याळ माझ्या बरोबर समोर होतं आणि माझी दूरची नजर चांगली आहे.

मी पस्तिसावी स्लाईड लावली.

प्रकरण सुरू झालं होतं मार्चमध्ये. सांगली आणि जयसिंगपूरच्या मधे आमची डेअरी. मुंबईच्या एका मोठ्या आइस्क्रीम कंपनीने आमचं दूध घ्यायचं कबूल केलं, पण एक अट घातली. तुमच्याकडचं कुठलं काम बंद पडलं तर डेअरीला किती वेळात धक्का बसतो, याचा अभ्यास करून दाखवा. याला बिझनेस इम्पॅक्ट ॲनालिसिस म्हणतात, हे पुण्याच्या एका सल्लागाराने आम्हाला दोन दिवसांत आणि चार जेवणांत शिकवलं. रेवतीताईंनी काम माझ्याकडे सोपवलं.

“मदतीला शैलजाला घ्या,” त्या म्हणाल्या. मग केबिनचं दार उघडता उघडता, सहज आठवल्यासारखं, “आणि हो, उपमहाव्यवस्थापकाची जागा जूनमध्ये भरायची आहे. बहुधा तुम्हा दोघांपैकीच कुणीतरी. हे काम बघून ठरवू.”

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. इंजिनियर. डेअरीत पहिला संगणक मी आणला होता आणि त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरणही मीच घातलं होतं. बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, जयसिंगपूरच्या कॉलेजच्या बी.कॉम. मला त्यांचा हेवा वाटावा असं काही कारण नव्हतं. तरी कँटीनमध्ये त्यांच्या चहात न सांगता आलं पडायचं. अप्पासाहेब त्यांना शैला म्हणायचे आणि मला वाटवे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. इतकं, की स्टोअरमधून काही घेताना आपण चिठ्ठीवर सही केली की सहीचीच लाज वाटायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, बाई बोलायच्या थांबल्या की समोरचा माणूस बोलायला लागायचा. मी थांबलो की समोरचा निघून जायचा.

मी एक फॉर्म तयार केला. मुख्य प्रश्न एकच, पण ठळक अक्षरात: ‘आपला विभाग बंद पडल्यास डेअरी किती तास तग धरू शकेल?’ चौदा विभागप्रमुखांना तो दिला. उत्तरं येऊ लागली. सुरक्षा विभाग, शून्य तास. प्रयोगशाळा, शून्य तास. वाहतूक, शून्य तास, आणि खाली लाल शाईने रेघ. कँटीनच्या शिरगुप्प्यांनी प्रामाणिकपणे तीन तास लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“साहेब, माझा कागद जरा परत द्या.”

“का हो?”

“मी तीन तास लिवलंय. आता कळलं, बागंच्या पाटलानं शून्य लिवलंय.”

“मग?”

“मग काय? त्याच्या गुलाबापरास माझा भात खाली?”

मी कागद परत दिला. त्यांनी तीन खोडून शून्य केलं, आणि तेवढ्याने समाधान न होऊन शून्याभोवती आणखी एक गोल काढला.

मी हसलो नाही. माझ्या स्वतःच्या विभागासमोर मी कालच शून्य लिहिलं होतं.

बाईंनी सगळे फॉर्म एका दुपारी वाचून काढले आणि नीट रचून ठेवले. “सर, हा फॉर्म प्रत्येकाला विचारतोय, तू केवढा मोठा,” त्या म्हणाल्या. “मी दुसरं काही विचारून बघू का?”

“काय विचाराल?”

“शेवटचं कधी अडलं होतं. आणि तेव्हा तुम्ही काय केलंत.”

“विचारा की,” मी उदारपणे म्हणालो. तेवढ्याच त्या गुंतून राहतील.

मग दोन महिने बाई वही घेऊन डेअरीभर फिरल्या. मी काचेतून बघायचो. कधी बॉयलरपाशी, कधी गेटवर. बऱ्याच सकाळी तर दूध उतरवायच्या धक्क्यावर, पालथ्या कॅनवर बसून, मफलर गुंडाळलेल्या कुणा म्हाताऱ्याशी गप्पा मारत. बाई वेळ फुकट घालवताहेत, याची मी मनात नोंद केली. त्या नोंदीने मला बरीच मदत केली. मी चौऱ्याण्णव स्लाईड केल्या. शून्यांचे आलेख काढणं वाटतं तितकं सोपं नसतं.

एप्रिलच्या अखेरीला, बाई जेवायला गेल्या असताना, मी त्यांची वही उघडली. ही गोष्ट मी आजवर एकाच माणसाला सांगितली आहे. हातात पेन होतं. काही उतरवून घेण्यासारखं असलं तर उतरवून घ्यावं, हा हेतू. पण आत नुसत्या तारखा होत्या. एकेका तारखेपुढे एकेक शब्द. पाच ठिकाणी एकच शब्द होता: ‘पडसं’.

मला फार बरं वाटलं. बाईंची तब्येत ठीक नसावी. जिन्यात पावलं वाजली तशी मी घाईने वही मिटली आणि जागेवर येऊन बसलो. संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोने शर्टाच्या खिशाला पडलेला शाईचा डाग दाखवला आणि शर्ट भांडीवालीला देऊन टाकला.

आता त्या सकाळकडे परत येतो. अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

“वाटवे,” अप्पासाहेब म्हणाले, “समजा उद्या पहाटे डेअरीला आग लागली. तुमचा फोन आला. मी धोतर नेसतोय. पहिल्यांदा काय वाचवू?”

“सर, अभ्यासानुसार चौदाही विभाग अत्यावश्यक श्रेणीत येतात.”

“चौदाही?”

“हो सर.”

“एकदमच?”

“तसंच म्हणावं लागेल.”

“मग मी नेसायचं थांबतो आन् परत झोपतो.”

रेवतीताईंनी ओठ आवळून खाली पाहिलं. उपाध्यांची पापणी हलली नाही. मी आणखी दोन स्लाईड दाखवल्या, उरलेल्या छापील प्रतीत आहेत म्हणून सांगितलं आणि अकरा तेवीसला बसलो.

“सॉरी हं, मगदूम बाई,” मी म्हणालो. “वेळेचं जरा... सातच मिनिटं राहिली तुम्हाला.”

“पुरतील सर,” बाई म्हणाल्या.

बाईंनी उठून आधी प्रोजेक्टर बंद केला. त्याचा पंखा थांबला तेव्हा कळलं, इतका वेळ खोलीत केवढा आवाज होता. मग त्यांनी तिघांपुढे एकेक कागद ठेवला. एकच. हाताने लिहिलेला, झेरॉक्स काढलेला. मलाही एक दिला.

“साहेब, मागच्या वर्षात डेअरी नऊ वेळा अडली. मी फक्त त्या नऊ दिवसांचं सांगते. त्यांतल्या पाच वेळा कारण एकच होतं. धक्क्यावर दस्तगीर नदाफ नव्हते. किंवा होते, पण त्यांना पडसं झालेलं होतं.”

माझ्या हातातला कागद मी टेबलावर ठेवला.

“कोण नदाफ?” रेवतीताईंनी विचारलं.

“कॅनची झाकणं उघडतात ते. झाकण उघडलं की वास घेतात. दूध चांगलं असलं तर कॅन आत, शंका आली तर बाजूला. एका कॅनला चार सेकंद लागतात. ते नसले की प्रत्येक कॅन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, तिथे एकाला सहा मिनिटं. चाळीस मिनिटांत रांग गेटच्या बाहेर जाते. ह्या उन्हात तीन तासांनी रांगेतलं दूध नासायला लागतं. म्हणून पहिल्या ओळीत लिहिलंय: दस्तगीर नदाफ यांचं नाक, चाळीस मिनिटं.”

“हा माणूस कुठल्या विभागात येतो?” हे उपाध्ये. त्यांची पापणी हलली. मी स्वतः पाहिली.

“कुठल्याच नाही सर. रोजंदारीवर आहेत. म्हणून त्यांच्याकडे फॉर्म गेला नव्हता.”

फॉर्म कुणी पाठवले होते, हे बाईंनी सांगितलं नाही. माझ्या पहिल्याच स्लाईडवर माझं नाव मोठ्या अक्षरात होतं.

दुसऱ्या ओळीत बॉयलरचा पंप होता, दोन तास. तिसरी ओळ बाईंची स्वतःची. “स्टोअर, सहा तास,” त्या म्हणाल्या. “दुधाच्या पिशव्यांचे रोल ज्या खोलीत असतात, तिची किल्ली एकट्या माझ्याकडे आहे. मी एस.टी.त अडकले तर भरणं थांबतं. हा माझाच दोष आहे.” मग आणखी दोन-तीन ओळी. आणि सगळ्यांत खाली, जवळजवळ कागदाच्या काठावर:

“सिस्टीम्स. चार दिवस.”

मी उभा राहिलो. उभं राहायचं ठरवलं नव्हतं.

“चार दिवस? बाई, सिस्टीम्स म्हणजे डेअरीचा मेंदू आहे! कशावरून चार दिवस?”

“सर, मागच्या सप्टेंबरात तुम्ही नियोजित देखभालीसाठी सर्व्हर बंद ठेवला होता. गुरुवार ते रविवार. ते चार दिवस सगळं वहीवर चाललं. एक कॅन अडला नाही. पाचव्या दिवशी सकाळी, सर्व्हर सुरू होईपर्यंत, मात्र गोंधळ सुरू झाला. म्हणून चार लिहिलं.”

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. सप्टेंबरात नियोजित असं काहीही नव्हतं. सर्व्हरची डिस्क जळली होती. आधीचे तीन महिने ती कुरकुरत होती आणि मी उद्या बघू म्हणत होतो. रविवारी दुपारी, ऑफिसात चिटपाखरू नसताना, मी स्टोअरमधून नवी डिस्क घेतली होती. महिन्याच्या अहवालात मी त्याला ‘नियोजित देखभाल’ म्हटलं, कारण तो शब्द भारदस्त होता आणि विचारणारं कुणी नव्हतं. आता चार दिवस हा आकडा चुकीचा म्हणायचा, तर त्या चार दिवसांत मी काय करत होतो ते सांगावं लागणार होतं.

त्या रविवारी स्टोअर उघडायला बाई घरून आल्या होत्या. चिठ्ठी त्यांनी लिहिली होती, छापल्यासारख्या अक्षरात. ‘हार्ड डिस्क, एक. कारण: जुनी जळाली.’ खाली माझी सही.

मी बाईंकडे पाहिलं. त्या कागदाकडे पाहत होत्या.

“काय वाटवे?” अप्पासाहेब म्हणाले. “शैलाचं चुकतंय?”

“नाही सर. बरोबर आहे,” मी म्हणालो. “नियोजितच होती.” आणि बसलो.

घड्याळात अकरा एकोणतीस.

अप्पासाहेबांनी खिशातून चष्मा काढला, चढवला, आणि तो कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. मग म्हणाले, “त्या नदाफला बोलवा.”

दस्तगीर नदाफ आले. मे महिन्यात मफलर. चपला दाराबाहेर काढून आत उभे राहिले.

“दस्तगीर, किती वर्सं झाली रे?”

“एकोणतीस, मालक.”

“रजा घेतोस का न्हाई?”

“घेतली की दुसऱ्या दिशी गाडीवाले शिव्या देत्यात. म्हून घेत न्हाई.”

“आन् हे मफलर?”

“शैलाताईंनी दिलंय. वारं लागू देऊ नका म्हनल्या.” ते जरा घुटमळले. “मालक, रागावनार नसला तर एक बोलू?”

“बोल की.”

“त्या कपातल्या चहाचं दूध कालचं हाय.”

उपाध्यांनी तोंडाशी नेलेला कप सावकाश खाली ठेवला. मी सकाळपासून तीन प्यालो होतो.

“शैला,” अप्पासाहेब म्हणाले, “मगाचं इचारतो परत. आग लागली तर?”

“आधी दस्तगीरमामांना बाहेर काढा, साहेब.”

अप्पासाहेब हसले. बारा वर्षांत मी त्यांना हसवू शकलो नव्हतो.

बैठक संपल्यावर मी बाईंना जिन्यात गाठलं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो.

“काय सर?”

“डिस्कचं.”

“स्टोअरमधून बाहेर गेलेली वस्तू मला माहीत असते, सर.”

“मग आत बोलला का नाहीत?”

“तुमच्याशिवाय किती दिवस चालतं, एवढंच सांगायचं होतं. का बंद पडलं, ते कुणी विचारलं नाही.” आणि त्या थांबल्या. मी काहीतरी बोलणार होतो. त्याऐवजी खाली जाऊन कँटीनमध्ये चहा मागितला. त्यात आलं नव्हतं.

त्या रात्री मी अंथरुणात पडून हिशेब लावला, की त्या बोलल्या असत्या तर मला त्यांचा राग करता आला असता. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नव्हती.

जूनच्या पहिल्या सोमवारी अप्पासाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. जाताना मी अभिनंदनाचं वाक्य तयार करून नेलं होतं. ‘बाई, मला मनापासून आनंद झाला’ हे आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. ‘मनापासून’ला आवाज दर वेळी घसरत होता, म्हणून तो शब्द वगळायचं ठरवलं.

रेवतीताईंनी पाकीट माझ्यापुढे धरलं.

“अभिनंदन, वाटवे.”

“मी?”

“का, नको आहे का?”

“नाही, पण... बाईंचं काम...”

“शैलाचं काम लय चांगलं झालं,” अप्पासाहेब म्हणाले. “त्यावरूनच ठरवलं आम्ही. शैलाला वर घेतली तर स्टोअर सहा तासांत बंद. बॉयलरवाला घेतला तर दोन तास. दस्तगीरचं तर नावच नको. सगळ्या कागदात एकच माणूस असा निघाला, की ज्याला कामावरनं काढून वर बसवला तरी चार दिवस कुणाला पत्ता लागायचा न्हाई.” त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “आन् तुमच्या हाताखालचा पोरगा तुमच्यापरास हुशार हाय म्हणत्यात. मग वाटवे, प्रश्नच मिटला.”

“सर, मला मनापासून आनंद झाला,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कुठेही घसरला नाही.

मी बारा वर्षं उपमहाव्यवस्थापक होतो. दस्तगीर नदाफ कायम झाले, त्यांच्या शेजारी दोन माणसं वास घ्यायला शिकली, आणि थंडीत त्यांना वाफारा घ्यायची वेगळी सुट्टी मिळू लागली. बाईंनी त्याच आठवड्यात किल्लीच्या दोन नकला करून घेतल्या. मग एकेक करून स्टोअरमधल्या सगळ्यांना सगळं काम शिकवलं. तीन वर्षांनी त्यांनी नवा कागद लावला: स्टोअर, पाच दिवस. पुढच्या वर्षी त्या महाव्यवस्थापक झाल्या. माझ्या वर. माझ्यापेक्षा एका दिवसाने.

मी निवृत्त झालो तेव्हा नारळ, शाल आणि घड्याळ मिळालं. भाषणात मी म्हणालो, कुणाचंच कुणावाचून अडत नाही. टाळ्या बऱ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मी फोनशेजारी बसलो.

“कुणाची वाट बघताय?” बायकोने विचारलं.

“कुणाची नाही.”

दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. चौथ्या दिवशी एकाने क्रेडिट कार्ड हवं का विचारायला फोन केला आणि मी त्याच्याशी वीस मिनिटं बोललो.

पाचव्या दिवशी दहा वाजता फोन वाजला.

“सर, मी शैलजा.”

“बोला बाई!” मी कागद ओढला, पेन उघडलं. “काय अडलं?”

“काही नाही अडलं.”

“सर्व्हर?”

“चालू आहे.”

“मग त्या नव्या पोराला काही...?”

“नाही सर. सगळं नीट चाललंय. आज पाचवा दिवस ना. म्हणून केला.”

आणि बाई थांबल्या. त्या थांबल्या की समोरचा बोलायला लागतो, हे मी मघाशी सांगितलंच आहे. मी बोललो. एप्रिलमधल्या त्या दुपारचं बोललो. त्या जेवायला गेल्या होत्या, मी वही उघडली होती, आत ‘पडसं’ लिहिलेलं होतं, आणि ते वाचून मला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं.

“माहीत आहे सर,” बाई म्हणाल्या. “त्या पानात तुमच्या पेनाचं टोपण राहिलं होतं.”

मी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

“मी तेव्हाच स्टोअरच्या रजिस्टरला लावून ठेवलंय. ‘टोपण, निळं, एक. वाटवे सर.’ अजून आहे तिथे. दर वर्षीच्या तपासणीत सापडतं. कधी येताय न्यायला?”

“उद्या,” मी म्हणालो.

पेन मी बारा वर्षांपूर्वीच फेकून दिलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.